वेस्ट विंडसर–प्लेन्सबरोत घर घ्यायचे आहे, ऑफिस मॅनहॅटनला: रोजचे जगणे कसे असते?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. सध्या जर्सी सिटीत भाड्याने राहतो. मोठी सप्टेंबरमध्ये दुसरीत जाईल, धाकटा तीन वर्षांचा आहे. माझे ऑफिस मिडटाउनला ब्रायंट पार्कजवळ, नवऱ्याचे वर्ल्ड ट्रेड सेंटरपाशी. दोघांनाही मंगळवार, बुधवार, गुरुवार जावेच लागते. न्यू जर्सीतल्याच वेस्ट विंडसर किंवा प्लेन्सबरोत घर घ्यायचा विचार आहे, बजेट साडेआठ ते साडेनऊ लाख डॉलर.

तिथल्या प्रिन्सटन जंक्शन स्टेशनहून गाडी तासाभरात मॅनहॅटनच्या पेन स्टेशनला पोचते असे वेळापत्रक म्हणते. दारापासून टेबलापर्यंत खरे किती लागतात? स्टेशनवर गाडी लावायला जागा मिळते का? हप्ता सोडून आणखी कशाकशाला पैसे लागतात? शाळेतल्या ताणाबद्दल बरेच कानावर येते, ते कितपत खरे? आणि सासू-सासरे दरवर्षी उन्हाळ्यात पाच-सहा महिने येतात, त्यांचे दिवस तिथे कसे जातील? आकड्यांसह सांगितलेत तर फार मदत होईल.

जंक्शन_लोकल

आधी स्टेशन आणि पार्किंग ठरवा, घर त्यानंतर. बहुतेक जण स्वयंपाकघर पाहून घर घेतात आणि स्टेशनचा विचार सामान लावून झाल्यावर करतात.

तुमच्या एका बाजूच्या प्रवासाचा हिशेब असा. घर ते स्टेशनचा पार्किंग लॉट ८ ते १२ मिनिटे, शाळेच्या बसमागे अडकलात तर १५. लॉट ते फलाट ५ ते ८ मिनिटे. लॉट रुळांच्या पलीकडच्या बाजूला असेल तर भुयारी रस्त्याने यावे लागते, ती मिनिटे धरा. फलाटावर ५ मिनिटे हातात ठेवा. जलद गाडी ६० ते ६५ मिनिटे, सगळीकडे थांबणारी ७५ ते ८०. पेन स्टेशनच्या तळातून रस्त्यावर यायला गर्दीत ५ मिनिटे, तिथून ब्रायंट पार्क चालत १५. म्हणजे नीट गेलेल्या दिवशी पावणेदोन तास. दोन्ही बाजूंचे मिळून साडेतीन. हा आकडा मान्य असेल तरच पुढचे वाचा.

जमेची मोठी बाजू म्हणजे बसायला जागा. गाडी ट्रेंटनहून सुटते आणि जंक्शनच्या आधी फक्त हॅमिल्टन येते, त्यामुळे सकाळी सहसा उभे राहावे लागत नाही. मेटुचेन-मेट्रोपार्कला चढणाऱ्यांना तो भरवसा नसतो. तासभर बसून काम करता येणे आणि चाळीस मिनिटे दांडा धरून उभे राहणे यांची तुलना फक्त मिनिटांवर करू नका.

नवऱ्याने पेन स्टेशनपर्यंत जायचेच नाही. नेवार्कच्या पेन स्टेशनला उतरून पाथने (न्यू जर्सी-मॅनहॅटन जोडणारी भुयारी रेल्वे) थेट वर्ल्ड ट्रेड सेंटर, तो टप्पा साधारण २५ मिनिटांचा. त्यांचा पास नेवार्कपर्यंतचाच काढा, तो स्वस्त पडतो. पाथचे भाडे वेगळे.

पासचा हिशेब: न्यूयॉर्कपर्यंतचा मासिक पास ५०० डॉलरच्या वर आहे. पासच्या किमतीला जाऊन-येऊनच्या भाड्याने भागा, उत्तर १४ च्या आसपास येते. तीन दिवसांच्या आठवड्यात महिन्याला १२-१३ खेपा होतात, म्हणजे सुट्टी, आजारपण, बर्फ धरून तुम्हाला सुटी तिकिटेच परवडतात. ऑफिसात करपूर्व कम्यूटर योजना असेल तर ती घ्याच. २०२५ साठी प्रवासाला महिना ३२५ डॉलर आणि स्टेशनवरच्या पार्किंगला आणखी ३२५ अशी वेगवेगळी मर्यादा होती. पार्किंगचे पैसेही यातून जातात हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पार्किंग: परमिटचे लॉट वेगळे आणि दिवसाचे पैसे भरून लावायचे वेगळे. परमिट लॉटवार मिळते आणि त्यासाठी यादी असते. घराचा करार झाला की त्याच आठवड्यात वेस्ट विंडसरच्या पार्किंग ऑथॉरिटीकडे चौकशी करा, क्लोजिंगची, म्हणजे खरेदी पूर्ण होण्याची, वाट पाहू नका. प्लेन्सबरोतले घर म्हणजे दुसरी टाउनशिप (स्थानिक पालिका), तेव्हा रहिवासी म्हणून मिळणाऱ्या सवलती तिथे गृहीत धरू नका. दिवसाच्या लॉटची मुख्य अडचण अशी की सगळ्यांच्या ऑफिसचे दिवस तुमचेच आहेत. सोमवार-शुक्रवारी मोकळा दिसणारा लॉट बुधवारी सकाळी भरलेला असतो.

म्हणून घर बघायला रविवारी दुपारच्या ओपन हाउसला गेलात तरी एकदा बुधवारी सकाळी सव्वासातला त्याच गल्लीतून निघून फलाटावर पोचून बघा. चालत किंवा सायकलने जाण्याइतके जवळ घर असेल तर तोच रस्ता संध्याकाळी अंधारात पाहा. नकाशावर एक मैल दिसणाऱ्या कितीतरी रस्त्यांना मध्येच पदपथ संपतो.

जंक्शन_लोकल

वरच्यात एक राहिले, खोळंब्याचे. हा लोहमार्ग अॅमट्रॅक या देशभरच्या प्रवासी रेल्वेच्या मालकीचा, एनजे ट्रान्झिट ही राज्याची सेवा त्यावर तुमच्या गाड्या चालवते. हडसन नदीखालचे दोन्ही बोगदे १९१० चे, प्रत्येकात एकच मार्ग, आणि २०१२ मध्ये सॅंडी वादळात त्यात खारे पाणी शिरले. हॅकेन्सॅक नदीवरचा पोर्टल ब्रिजही १९१० चाच. बोटींसाठी तो फिरवून उघडतात आणि कधीकधी परत बसत नाही. नव्या पोर्टल नॉर्थ पुलाचे बांधकाम २०२२ मध्ये सुरू झाले. याशिवाय कडक उन्हाळ्यात वरच्या विजेच्या तारा ताणल्या-लोंबल्या जातात म्हणून वेग कमी करतात. मे २०२५ मध्ये इंजिनचालकांचा संप तीन दिवस चालला, त्या काळात गाड्या पूर्ण बंद होत्या.

संध्याकाळी पेनला सगळे फलाट ‘डिलेड’ दाखवू लागले की तिथे वाट पाहत थांबू नका. ३३व्या रस्त्यावरून पाथने जर्नल स्क्वेअर, तिथे बदलून नेवार्क, आणि नेवार्कहून गाडी. मोठ्या खोळंब्यात एनजे ट्रान्झिटचे तिकीट पाथवर चालेल असे जाहीर होते, ते अॅपवर बघून मगच निघा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. तुम्ही दोघेही एकाच तीन दिवशी नदीपलीकडे असाल तर त्या दिवशी मुलांपासून दीड तासाच्या आत कोणीही पालक नसेल. पाळणाघरे साडेसहाच्या सुमारास बंद होतात आणि पुढे मिनिटागणिक दंड लावतात. बर्फाच्या दिवशी शाळा दोन तास उशिरा उघडते किंवा लवकर सोडते, आणि निरोप पहाटे येतो. दोघांपैकी एकाने तरी ऑफिसचा एक दिवस बदलून घ्या, आणि शाळेच्या आपत्कालीन यादीत जवळ राहणारी दोन नावे आधी विचारून घाला. ही व्यवस्था घर घेण्याआधी कागदावर मांडून बघा, कारण घर कितीही चांगले असले तरी ही अडचण तशीच राहते.

तळघर

पैशांचे आणि घराचे मी लिहितो.

मालमत्ता कर. न्यू जर्सीतला सरासरी कर २०२४ मध्ये वर्षाला १०,००० डॉलरच्या पुढे गेला. तुमच्या बजेटच्या घराला इथे साधारण १८ ते २१ हजार धरा, म्हणजे महिना दीड ते पावणेदोन हजार. निम्म्याहून अधिक पैसा शाळांना जातो. बिल तिमाही असते: १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट, १ नोव्हेंबर. पहिल्या दोन तिमाह्या मागच्या वर्षाच्या अंदाजावर असतात आणि वाढ ऑगस्ट-नोव्हेंबरच्या बिलात एकदम येते, त्यामुळे पहिल्या वर्षी बँकेचे एस्क्रो खाते (हप्त्यासोबत कर-विम्याचे पैसे जिथे साठवतात ते) कमी पडते आणि हप्ता वाढल्याचे पत्र येते. त्यासाठी दीड-दोन हजार बाजूला ठेवा.

कर आकारलेल्या मूल्यावर असतो, बाजारभावावर नाही. त्यामुळे दोन टाउनशिपचे नुसते दर शेजारी ठेवून काही कळत नाही. घराचे प्रत्यक्ष बिल भागिले मागितलेली किंमत, ही टक्केवारी काढा आणि तीच ताडून बघा. आकारणी जास्त वाटली तर अपील काउंटीच्या कर मंडळाकडे (वेस्ट विंडसरसाठी मर्सर, प्लेन्सबरोसाठी मिडलसेक्स), साधारणपणे १ एप्रिलपर्यंत करायचे. त्यासाठी आधीच्या ऑक्टोबरपूर्वी विकल्या गेलेल्या तीन-चार सारख्या घरांचे व्यवहार जोडावे लागतात. शेजाऱ्याचा कर कमी आहे हे कारण तिथे चालत नाही.

केंद्रीय आयकरात राज्य-स्थानिक करांच्या वजावटीची मर्यादा २०२५ साठी १०,००० वरून ४०,००० डॉलर झाली, पण उत्पन्न साधारण ५ लाखांच्या वर गेले की ती उतरत जाते. तुम्ही दोघे कमावता, तेव्हा आपला आकडा घालूनच हिशेब करा.

घर. इथली बरीच घरे १९८० आणि ९० च्या दशकांतली, चार बेडरूम, अडीच बाथ, खाली बेसमेंट. इन्स्पेक्शनमध्ये कुठे लक्ष द्यायचे ते सांगतो. रेडॉन या जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूची चाचणी निदान ४८ तासांची आणि त्या काळात खिडक्या-दारे बंद. पातळी ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा जास्त आली तर जमिनीखालून पाइप काढून पंखा बसवतात, खर्च साधारण दीड-दोन हजार. हा विक्रेत्याकडून मागून घ्या. १९७८ ते ९५ च्या दरम्यानच्या घरांत, विशेषतः टाउनहाउसमध्ये, राखाडी पॉलिब्युटिलीन नळ असू शकतात. ते क्लोरीनने आतून ठिसूळ होतात आणि पूर्वसूचना न देता फुटतात. काही विमा कंपन्या असे घर घेत नाहीत. १९७० च्या आधीचे घर असेल तर जमिनीत पुरलेली तेलाची टाकी आहे का ते शोधणारी तपासणी वेगळी सांगून करून घ्या. गळती निघाली तर माती काढण्याचा खर्च घरमालकाच्या गळ्यात पडतो.

आणि संप पंप. बेसमेंटच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात तो असतो आणि भूजल बाहेर फेकतो. जोराच्या वादळात वीज जाते, नेमके तेव्हाच पाणी चढते, आणि वीज नसली की पंप बंद. म्हणून बॅटरीवरचा दुसरा पंप हवाच. दर तीन महिन्यांनी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून तरंगता गोळा उचलतो का ते बघा; तो कडेला अडकणे हे बिघाडाचे नेहमीचे कारण. हिवाळ्यात बाहेरच्या नळीचे तोंड गोठले तर पाणी परत आत येते. साध्या गृहविम्यात हे नुकसान येत नाही, ‘वॉटर बॅकअप’ची जोड वेगळी घ्यावी लागते. पुराचा विमा त्याहून वेगळा, आणि तो घेतल्यापासून सहसा ३० दिवसांनी लागू होतो. सप्टेंबर २०२१ च्या आयडा वादळाने न्यू जर्सीत दाखवून दिले की नकाशात पूररेषेबाहेर असलेली घरेही भरतात. मार्च २०२४ पासून विक्रेत्याला घराचा पुराचा इतिहास लेखी सांगणे बंधनकारक आहे, तो फॉर्म वकिलाकडून मागून स्वतः वाचा.

कोयनाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. तळघर, एक शंका. एका नव्या बांधलेल्या घराच्या जाहिरातीत वार्षिक कर ६,२०० डॉलर लिहिला आहे. मोठे घर आहे, तरी इतका कमी कसा?

तळघर

तो बहुधा नुसत्या जमिनीचा कर आहे. मागच्या वर्षीच्या यादीत घर उभेच नव्हते. बांधकाम पूर्ण झाले की आकारणी अधिकारी वाढीव मूल्य लावतात आणि त्याचे वेगळे बिल शरद ऋतूत येते, १ नोव्हेंबरला भरायचे. घर पूर्ण झाल्यापासूनच्या महिन्यांचा फरक त्यात असतो. बँक मात्र एस्क्रो ६,२०० वरच काढते, म्हणून पहिले वर्ष हप्ता छान वाटतो आणि दुसऱ्या वर्षी महिना हजारभराने उडी घेतो. बांधकाम व्यावसायिकाला अंदाज न विचारता टाउनशिपच्या आकारणी कार्यालयाला फोन करा, त्याच भागातल्या दोन वर्षे जुन्या तशाच घराचा कर विचारा. ही माहिती सार्वजनिक आहे.

तसेच बोली लावताना घर दहा लाखांवर गेले तर पूर्वी खरेदीदाराला एक टक्का कर पडत असे. जुलै २०२५ पासून तो विक्रेत्यावर गेला आहे. जुन्या लेखांत अजून खरेदीदाराचाच म्हणून सापडेल.

पाटीपेन्सिल

शाळेचे. वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो यांचा शालेय जिल्हा एकच आहे, तेव्हा शाळेसाठी या दोघांत निवड करायची गरज नाही. मात्र हायस्कुले दोन, नॉर्थ आणि साउथ, आणि कोणत्या गल्लीची मुले कुठे जातात हे टाउनशिपच्या सीमेवर ठरत नाही. घराचा पूर्ण पत्ता देऊन जिल्हा कार्यालयातून सगळ्या टप्प्यांच्या शाळा विचारून घ्या. एजंटच्या जाहिरातीवर किंवा घरविक्रीच्या संकेतस्थळावर विसंबू नका.

पत्त्याची आणखी एक गंमत नव्हे, गफलत: ‘प्रिन्सटन’ लिहिलेले सगळे प्रिन्सटनमध्ये नसते. ०८५४० हा पिनकोड वेस्ट विंडसरच्या काही भागालाही आहे, साउथ ब्रन्सविकलाही आहे. पत्त्यात प्रिन्सटन, पण कर आणि शाळा दुसऱ्याच टाउनशिपच्या, असे होऊ शकते. कराच्या बिलावर ज्या टाउनशिपचे नाव आहे तेच खरे.

ताण आहे, आणि तो जिल्ह्याने स्वतः मान्य केलेला आहे. २०१५ मध्ये इथल्या अधीक्षकांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहून मुलांच्या मनःस्वास्थ्याबद्दल इशारा दिला. हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षा बंद झाल्या, काही रात्री गृहपाठमुक्त ठरल्या, गणिताच्या प्रगत वर्गाची निवड लहान इयत्तांतून पुढे ढकलली. त्या वेळी पालकांत सरळ दोन तट पडले आणि आशियाई पालकांपैकी पुष्कळ जण या बदलांच्या विरोधात होते. याचा तुमच्याशी संबंध असा की दुसरी-तिसरीतच शेजारची मुले संध्याकाळी गणिताच्या क्लासला जाताना दिसतील आणि आपली मागे पडते की काय असे वाटू लागेल. शाळेचा अभ्यास त्या वयात शाळेतच पुरतो. निदान पहिले वर्ष एकही शिकवणी लावू नका, मुलीला नवी शाळा, नवी बस, नव्या मैत्रिणी एवढेच पुरे आहे.

धाकट्याच्या पूर्णवेळ पाळणाघराला महिना दोन हजारांच्या आसपास धरा. मोठीसाठी शाळेतच चालणाऱ्या आफ्टरकेअरची (शाळा सुटल्यानंतर मुलांना सांभाळण्याची सोय) नोंदणी वसंतातच करावी लागते, ऑगस्टमध्ये जागा उरत नाहीत. घर जूनमध्ये ताब्यात येणार असेल तर मार्चपासून मागे लागा.

आणखी एक, अजून दहा वर्षांनी लागणारे. इथे मुलांना चालत कुठे जाता येत नाही, म्हणून पोहणे, व्हायोलिन, मराठी शाळा, मैत्रिणीचे घर, सगळीकडे पालकच चालक. न्यू जर्सीत १६ व्या वर्षी सहा तासांच्या प्रशिक्षणासह शिकाऊ परवाना, १७ व्या वर्षी प्रोबेशनरी. त्यातही रात्री ११ नंतर पहाटे ५ पर्यंत गाडी चालवता येत नाही आणि सोबत एकच प्रवासी. म्हणजे तोवर तुमच्या आठवड्याचे वेळापत्रक मुलांच्या कार्यक्रमांभोवती फिरणार हे धरूनच चाला.

अंगणवेल

सासू-सासऱ्यांबद्दल कोणी लिहिले नाही, आणि हा प्रश्न खूप महत्त्वाचा आहे. अशा गावात घरात कार्यक्षम दोन गाड्या नसतील तर ज्येष्ठ माणूस घरातच अडकतो. पुण्या-साताऱ्यात सकाळी दूध आणायला, संध्याकाळी देवळात, वाटेत दोघांशी बोलणे असा ज्यांचा दिवस, त्यांना इथे दुपारी दोन वाजता रस्त्यावर एक माणूस दिसत नाही.

म्हणून घर बघताना त्यांच्या पायांनी बघा. दारातून निघून वीस मिनिटांत परत येता येईल असा पदपथ सलग आहे का? वाटेत बसायला बाक? प्लेन्सबरोतल्या टाउनहाउसच्या वसाहतींत हे जास्त चांगले जमते. घरे जवळजवळ, आतले रस्ते शांत, आणि संध्याकाळी भारतातून आलेले आई-वडील फिरताना भेटतात, त्यातून ओळखी होतात. प्लेन्सबरोचे सार्वजनिक ग्रंथालय चांगले आहे. प्रिन्सटन मेडिकल सेंटर हे रुग्णालयही २०१२ पासून प्लेन्सबरोतच आहे. वेस्ट विंडसरमध्ये मर्सर काउंटी पार्क मोठे, तळ्याकाठी चालायला सुरेख, पण तिथे गाडीनेच जावे लागते. शनिवारी सकाळी स्टेशनच्या व्हॉन ड्राइव्ह लॉटमध्ये शेतकरी बाजार भरतो, मे ते नोव्हेंबर. ताजी मका, टोमॅटो, कधी मेथीसारखी पालेभाजी. सासूबाईंना नक्की न्या.

घराच्या रचनेत एकच गोष्ट बघा: खालच्या मजल्यावर झोपायची खोली आणि आंघोळीची सोय. जुन्या कोलोनियल घरांत चारही बेडरूम वर असतात आणि खाली फक्त संडास-बेसिन. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दिवसातून चार वेळा चौदा पायऱ्या होत नाहीत. खाली शॉवर नंतर काढता येतो, पण टाउनशिपची परवानगी, जमीन फोडून निचरा-नळ आणि पंधरा ते पंचवीस हजारांचा खर्च. आधीच असलेले घर थोडे महाग मिळाले तरी घ्या.

स्वयंपाकघरात शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकतो की गाळून परत आतच सोडतो ते चालू करून, बाहेर भिंतीवर झडप उघडते का बघून खात्री करा. पुष्कळ घरांत मायक्रोवेव्हखालचा पंखा हवा आतच फिरवतो. मिरचीची फोडणी घातली की धुराचा गजर वाजतो, वास आठवडाभर सोफ्यात राहतो, आणि आई फोडणी घालायलाच बिचकते. शेगडी बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर नळी काढणे सोपे, घराच्या मधोमध असेल तर अवघड.

अंगणात हरणे येतात आणि त्यांच्याबरोबर गोचीड. लाइम रोग या भागात नेहमीचा आहे. बागेत काम करून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या नाडीखाली बघायची सवय त्यांनाही लावा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची; तेल, काडेपेटी काही लावायचे नाही. गोल लाल चट्टा किंवा ताप आला तर लगेच डॉक्टर. आणि प्रवासी विमा घेताना आधीपासूनच्या आजारांचे कलम पूर्ण वाचा, मधुमेह-रक्तदाब असलेल्यांना स्वस्त पॉलिसीत जवळजवळ काहीच मिळत नाही.

दुसरा_फलाट

जरा वेगळे मत. दोघेही तीन दिवस जाणार असाल तर मेटुचेन आणि उत्तर एडिसनही बघा. मेटुचेनहून पेन पाऊण तासाच्या आसपास, मेट्रोपार्कहून जलद गाडीने त्याहून थोडे कमी. दारापासून टेबलापर्यंत तुमचा रोज अर्धा-पाऊण तास वाचतो. मेटुचेनला गावाला खरा मध्य आहे, स्टेशनपासून चालत दुकाने, ग्रंथालय. एडिसनला ओक ट्री रोड जवळ, म्हणजे कढीपत्त्यासाठी वीस मैल नाही. उणे बाजू: त्याच पैशात घर लहान आणि जुने, जमीन कमी, सकाळी उभे राहण्याची तयारी ठेवा. पण तीन वर्षांचे मूल असताना संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटे आधी घरी पोचणे हे एका जास्तीच्या बेडरूमपेक्षा मोलाचे आहे असे मला ठामपणे वाटते.

जंक्शन_लोकल

दुसरा_फलाट यांच्याशी सहमत, दोघांचे दिवस बदलता येत नसतील तर. एकाचा जरी बदलला तर जंक्शन जमते.

तळघर

जाता जाता आजूबाजूच्या जमिनीचे. घराच्या मागे मोकळे शेत किंवा झाडी आहे म्हणून जास्त पैसे मोजणार असाल तर ती जमीन कोणाची आणि तिचा झोन काय हे आधी टाउनशिपच्या नकाशावर बघा. वेस्ट विंडसरमध्ये रूट वनजवळच्या मोठ्या मोकळ्या जागेवर गोदामांचा प्रकल्प २०२२ मध्ये मंजूर झाला. स्टेशनभोवतीही अपार्टमेंट उभी राहत आहेत.

त्यातच परवडणाऱ्या घरांचा भाग आला. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने माउंट लॉरेल प्रकरणात १९७५ आणि १९८३ मध्ये सांगितले की मोठमोठ्या प्लॉटचे नियम करून कमी उत्पन्नाच्या लोकांना गावाबाहेर ठेवता येणार नाही, प्रत्येक टाउनशिपने आपला वाटा उचलायचा. त्याचा पुढचा दहा वर्षांचा टप्पा २०२५ मध्ये सुरू झाला. याविरुद्ध आपल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर फार कडवट लिहिले जाते, ते वाचून वाईट वाटते. तुमच्या धाकट्याला सांभाळणारी बाई, शाळेच्या बसचा चालक, रुग्णालयातली मदतनीस यांनाही याच गावात राहता आले पाहिजे. घराची किंमत यामुळे पडेल म्हणून घाबरून निर्णय घेऊ नका. गोदामाच्या ट्रकचा रस्ता तुमच्या गल्लीवरून जातो का, हे मात्र जरूर तपासा. प्लॅनिंग बोर्डाच्या सभांची विषयपत्रिका आणि इतिवृत्ते टाउनशिपच्या संकेतस्थळावर असतात, मागच्या दोन वर्षांची चाळली की पुरते.

आणि रुळांपासून पाव मैलाच्या आत घर बघत असाल तर रात्री दहाच्या सुमारास मागच्या अंगणात अर्धा तास उभे राहा. इथे न थांबता जाणाऱ्या अॅमट्रॅकच्या गाड्यांचा आवाज दिवसा रहदारीत बुडतो, रात्री नाही.